पिंपातले पेशंट

हॉस्पिटलातली नोकरी संपून बरीच वर्षं झाली, तरी सासूबाईंना अख्खी बिल्डिंग मेट्रनच म्हणायची. घरात राउंडही व्हायचा. सकाळी अंथरुणं नीट आवरलीत का, मोरीत कुणी ओला टॉवेल टाकलाय का, ओट्यावर बोट फिरवून बोटाला काय लागतं, सगळं बघून झाल्यावरच त्यांना चहा गोड लागे. सून लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, आठवडाभर नव्या सुनेला बघतील आणि सोडतील. तो आठवडा अजून चालूच होता.

सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. नजर अधू झाली तसं दुकान बंद केलं, पण हात काही बंद होईनात. घरातलं धड चालणारं यंत्र दिसलं की त्यांना ते उघडून बघावंसं वाटे, आणि उघडलं की परत बंद होत नसे. मिक्सर गेला, इस्त्री गेली. शेवटी मेट्रननी फर्मान काढलं की बाहेरची एकही मोडकी वस्तू या उंबऱ्याच्या आत येणार नाही. सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, मान डोलावली. त्यांची मान डोलली की समजावं, डोक्यात दुसरंच काही शिजतंय.

शिजत होते मासे. म्हणजे खायचे नव्हेत, पाळायचे. एका पिंपात मासे, वर खड्यांनी भरलेल्या डब्यांत भाजी. माशांची घाण पंपानं वर चढवायची, खड्यांवरच्या जिवाणूंनी तिचं खत करायचं, ते रोपांनी प्यायचं आणि स्वच्छ झालेलं पाणी परत माशांकडे सोडायचं. मातीची गरज नाही. बाबांनी हे फोनवर पाहिलं आणि सुनेला दाखवलं. सुनेनं नको म्हणायला हवं होतं. पण ती बेकरीत पॅकिंगला होती, तिथे पाकाची रिकामी निळी पिंपं आणि मार्गरीनचे मोठे चौकोनी डबे मागच्या दारी पडलेले असत, आणि ती म्हणून गेली, "बाबा, आमच्याकडे डबे आहेत. खाण्याच्या वस्तूंचे आहेत, माशांना काही व्हायचं नाही."

झालं. आधीच उल्हास, त्यात सुनेची साथ.

मेट्रन रोज दुपारी गुडघ्यांच्या व्यायामाला जात. तेवढ्यात पिंप आलं, लिफ्टमधून, चादरीत गुंडाळून. लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका होत्या. त्यांनी चादरीकडे बघितलं, मग सुनेकडे. "कोण आजारी आहे का?" त्यांनी हळूच विचारलं. "नाही, पडदे धुवायचेत," सून म्हणाली. थाप बरी जमली म्हणून तिला स्वतःचंच जरा कौतुक वाटलं.

मागच्या गॅलरीत, कपड्यांच्या दोऱ्यांखाली, काम सुरू झालं. बाबांनी पिंपाचं तोंड करवतीनं रुंद केलं आणि कडा कानसीनं इतक्या गुळगुळीत केल्या की गाल घासला तरी चालेल. जुन्या कूलरचा पंप शेजारच्या इमारतीच्या वॉचमननं दिला. खडे सुनेनं बादलीत धुतले. गढूळ पाणी जाईपर्यंत धुवायचे, असं फोनवाला म्हणाला होता, पण ते गढूळ पाणी काही संपेना, आणि शेवटी तिनं ठरवलं की खड्यांचा मूळ रंगच तो असावा.

सगळ्यांत छळलं ते सायफननं. डब्यात पाणी चढत जावं, ठरलेल्या उंचीवर पोचलं की सगळं एकदम खाली यावं, म्हणजे मुळांना पाणीही मिळेल आणि हवाही. त्यासाठी एक उभी नळी आणि तिच्यावर पालथी घातलेली शाम्पूची बाटली, एवढंच लागतं. पण पाणी चढायचं आणि चढतच राहायचं, किंवा एकदा उतरायला लागलं की थांबायचंच नाही. बाबा गॅलरीत मांडी घालून त्या बाटलीला एक एक भोक पाडत बसले. एके दुपारी पाणी चढलं, क्षणभर थबकलं आणि मोठा घोट घेतल्यासारखा आवाज करून खाली गेलं. थोड्या वेळानं पुन्हा तसंच.

"हे घड्याळच आहे," बाबा हरखून म्हणाले. "फक्त किल्लीऐवजी पाणी."

मासे सुनेनं आणले. तिलापियाची बोटभर पिल्लं. दुकानदार म्हणाला, "हा मासा सासुरवासातसुद्धा वाढतो, काळजी करू नका." आधी पाण्यात जिवाणू जमू द्या, काही आठवडे थांबा, असंही तो म्हणाला. दोघांनी ऐकलं आणि त्याच दिवशी मासे सोडले.

गॅलरीत पिंप लपवणं म्हणजे ताटाखाली हत्ती लपवणं. दुसऱ्याच सकाळी राउंड तिथे पोचला. मेट्रननी वाळत घातलेली चादर बाजूला केली.

"अहो, हे काय?"

"पाणी साठवायला," बाबा म्हणाले. "नळाचा काय भरवसा."

"पाणी हलतंय."

"हलतं पाणी ताजं राहतं."

"आणि वर ही रोपं कशाला?"

बाबांनी सुनेकडे पाहिलं. सुनेनं छताकडे पाहिलं. "शोभेला," बाबा म्हणाले.

तेवढ्यात एक पिल्लू वर आलं आणि त्यानं एक बुडबुडा सोडला. तिघंही त्या बुडबुड्याकडे तो फुटेपर्यंत बघत राहिले.

"ताजं आहे खरं," मेट्रन म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

एवढंच. ओरडा नाही, फर्मानाची आठवण नाही. रात्री जेवताना बाबांनी सुनेला खुणावलं की बाई काहीतरी बेत करत असणार. सुनेला वाटलं, दिसलंच नसेल, वयानं नजर कमी झाली असेल. आपल्या सोयीचं खरं मानायला वेळ लागत नाही.

पालक उगवला, पुदिन्यानं अंग धरलं. आणि मग पाणी बिघडलं. आधी दुधाळ झालं, मग वास यायला लागला. मासे तळाशी फिरायचे सोडून वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. बेकरीतून येताना सून पाणी तपासायच्या कागदी पट्ट्या घेऊन आली. पट्टी पाण्यात बुडवली की तिचा रंग पिवळा राहायला हवा. तिची पट्टी गर्द हिरवी झाली. एका सकाळी दोन मासे पालथे तरंगताना सापडले. बाबांनी ते कुणाला न सांगता गुळगुळीत कागदात गुंडाळून नेले आणि दिवसभर गॅलरीत फिरकले नाहीत. सुनेला त्यांच्याकडे बघवेना. घड्याळ बंद पडलं तर परत चालू करता येतं, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. मासा कसा जगवायचा, हे नव्हतं.

पाणी बदललं, पंप साफ केला, खडे उपसून पुन्हा धुतले. काही फरक नाही.

"जास्त खायला पडतंय त्यांना," सून म्हणाली. "न खाल्लेलं कुजतं आणि पाणी नासतं. बाबा, तुम्ही सकाळशिवाय काही टाकता का?"

"मी? छे. तू टाकतेस का?"

"मी कशाला टाकू?"

दोघंही खोटं बोलत होते. ती कामाला जाताना चिमूटभर टाकायची, कारण तिला बघून ती पिल्लं वर यायची आणि सासरच्या घरात तिला बघून धावत येणारं तेवढंच कुणी होतं. बाबांचंही तेच चालत असणार, हे तिनं ओळखलं. पण दोन चिमटींनी एवढा अनर्थ होत नाही. शिवाय खाद्याचा डबा तर फारसा उतरतही नव्हता. मग सायफन साफ करताना बाटलीच्या भोकांत तिला पिवळे कण अडकलेले दिसले. बोटांत चुरडून पाहिले. उकडलेल्या अंड्याचा बलक. त्याच्याखाली पावाचा लगदा.

दुसऱ्या दिवशी तिनं बेकरीतून सुट्टी घेतली, घरात कुणाला सांगितलं नाही, आणि दुपारी गॅलरीत मोठ्या चादरीमागे स्टूल घेऊन बसली.

आधी बाबा आले. इकडे तिकडे पाहिलं, खिशातून चिमूट काढली, टाकली आणि माशांना म्हणाले, "आळीमिळी गुपचिळी." गेले.

मग नवरा आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि दुपारी जेवायला घरी येई. पिंपाशी आपला काही संबंध नाही, असं तो पहिल्या दिवसापासून सांगत होता. त्यानं ताटातला उरलेला पाव कुस्करून पाण्यात सोडला, हात पँटला पुसले आणि एका माशाला विचारलं, "काय रे, बायको काय म्हणते आमची?" चादरीमागे सुनेनं तोंडावर हात दाबून धरला.

आणि मग मेट्रन आल्या. व्यायामाला गेलेल्या मेट्रन. हातात बशी, बशीत बारीक केलेला बलक. डॉक्टरांनी त्यांना फक्त पांढरं खायला सांगितलं होतं आणि रोज सकाळी त्या सगळ्यांदेखत म्हणायच्या की मी पूर्ण अंडं खाते, डॉक्टरला काय कळतं.

"गर्दी करू नका," त्या पाण्याला म्हणाल्या. "आधी तो कल्ला फाटलेला. तू मागे हो, तुझं सकाळी झालंय."

सायफननं मोठा घोट घेतला. मेट्रननी वर न बघता म्हटलं, "बाहेर ये. चादरीखाली पाय दिसतायत तुझे."

सून बाहेर आली. स्टूल कुठे ठेवावं तिला कळेना, म्हणून ते हातातच धरून उभी राहिली.

"तुम्ही व्यायामाला गेला होतात ना?"

"व्यायाम कधीच सोडला. ती मुलगी उड्या मारायला लावते. मी बागेत बसते, नाहीतर घरी येऊन पडते. पिंप आलं त्या दिवशी मी आतल्या खोलीतच होते. चादर बांधलेली बघून वाटलं, ह्यांना काही झालं की काय." त्यांनी बशी खाली ठेवली. "नंतर ऐकत होते तुमचं. इतकं हसलेलं मी ह्यांना दुकान बंद झाल्यापासून ऐकलं नव्हतं. मग कशाला बोलू?"

 सुनेनं खिशातली पट्टी काढली, पाण्यात बुडवली आणि मेट्रनसमोर धरली. पट्टी हिरवी होत गेली, तसा मेट्रनचा चेहरा बदलला.

"किती जण भरवतायत?" त्यांनी विचारलं. आवाज वॉर्डातला होता.

"चौघं."

"चौघं?"

"मी, बाबा, तुमचा मुलगा आणि तुम्ही."

मेट्रन तिच्या हातातलं स्टूल घेऊन त्यावर बसल्या. जन्मभर त्यांनी पेशंटच्या उशाखालून लाडू आणि केळी जप्त केली होती, नातेवाइकांना वॉर्डाबाहेर काढलं होतं. "एका पेशंटला चार नातेवाईक भरवायला लागले की पेशंट हातचा जातो," त्या हळू म्हणाल्या. "ते दोघं माझ्या बलकानंच गेले असतील."

"माझ्या चिमटीनंही असतील," सून म्हणाली. "आणि पावानं. सांगता कसं येईल?"

संध्याकाळी सगळ्यांना गॅलरीत बोलावणं आलं. खोटं कोण किती बोललं याची उजळणी झाली. नवऱ्यानं आधी साफ कानांवर हात ठेवले, मग त्याला माशाला विचारलेला प्रश्न शब्दशः ऐकवल्यावर तो कानांपर्यंत लाल झाला. मेट्रननी हुकूम दिला: दोन दिवस कडक उपास, पिंपातलं थोडं थोडं पाणी काढायचं, आणि नवं पाणी बादलीत एक रात्र ठेवून मगच घालायचं, म्हणजे त्यातलं क्लोरीन उडून जातं. खाद्याचा डबा त्यांच्या कपाटात गेला. किल्ली पदराला.

उपासाच्या काळात बाबा गॅलरीच्या दारात उभे राहून आत बघत. मासे त्यांना बघून वर येत, आणि बाबा तोंड फिरवत. "माझ्याकडे बघू नका," ते म्हणत. "वर विचारा."

पट्टीचा हिरवा हळूहळू उतरला. फिकट झाला, पोपटी झाला आणि एके सकाळी मेट्रननी पट्टी चष्म्याजवळ धरून सांगितलं, "पिवळी." बाबांनी ती त्यांच्या हातातून घेऊन उजेडात धरली, सुनेला दिली, सुनेनं नवऱ्याला. कल्ला फाटलेला मासा पिंपाच्या तळाशी आरामात गोल फिरत होता.

पालकाची पहिली पानं मेट्रननी कात्रीनं कापली, नुसती वाफवली आणि चौघांच्या ताटलीत चमचा चमचा वाढली. तेवढीच निघाली. सगळे गंभीरपणे चावत होते.

"कसा आहे?" बाबांनी विचारलं.

नवऱ्यानं बराच वेळ विचार केला. "पालकासारखा लागतोय," तो म्हणाला.

बाबा रागावून उठून गॅलरीत गेले. मेट्रननी आपल्या ताटलीतला अर्धा चमचा सुनेच्या ताटलीत सरकवला. "तू खा," त्या म्हणाल्या. "उद्या तू राउंडला ये माझ्याबरोबर. पट्टी कशी वाचायची ते मला नीट दाखव, मला हिरवा आणि पोपटी एकच दिसतो."