पार्ट बी, तिसऱ्या आग्रहाला

चर्चच्या तळघरात कॉफी झाल्यावर ताटात एक लिंबाची वडी उरली. कोणीतरी तिच्यातली अर्धी घेतली. मग दुसऱ्याने अर्धीतली अर्धी. चार वाजता ताटात नखाएवढा तुकडा होता आणि सगळे एकमेकांना म्हणत होते, तुम्ही घ्या ना.

*

लायब्ररीतला प्रिंटर एका पानाला दहा सेंट घेतो.

*

आर्विड टॉलेफ्सरूड वळणावरच्या टपालपेटीला रोज गाडीतून हात करतो. म्हणतो, नॉरिस हल्ली उत्तर देत नाही.

*

"प्रिय सरकार, कार्ड मिळालं. एवढं कशाला केलंत. आमचं ठीक चाललंय. तुमच्याकडेच ठेवा, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल. आपला, आ. टॉलेफ्सरूड. ता. क. तिकडे थंडी कशी आहे?"

*

२९ एप्रिल.

*

हे सगळं एकाच माणसाचं आहे. वडी सोडून. वडी आम्हा सगळ्यांची.

मी दर मंगळवारी लायब्ररीत बसते. पुढ्यात पाटी असते: मेडिकेअरबद्दल विचारा, फुकट. पासष्टीपुढच्यांचा हा सरकारी आरोग्य विमा कशाचे पैसे देतो आणि कशाचे देत नाही, ते मी सांगते. लोक येतात, आधी हवेबद्दल बोलतात, मग बर्फाबद्दल, आणि उठता उठता म्हणतात, "बरं कोरीन, माझं एक छोटंसं काम होतं."

एकतीस मार्चला, मंगळवारीच, आर्विड आणि त्याची बायको व्हर्ना आले. हवा झाली. बर्फ झाला.

"डोळ्यांत जरा ढग आलेत," आर्विड म्हणाला. "डॉक्टर मोतीबिंदू म्हणतो. फार काही नाही."

"हा टपालपेटीला हात करतो," व्हर्ना म्हणाली.

"तो नॉरिस आहे."

"शेजारचा नॉरिस दोन वर्षांपूर्वी ॲरिझोनाला राहायला गेला. कोरीन, एकोणतीस एप्रिलला याचा वाढदिवस. त्याच दिवशी लायसन्स संपतं, आणि नवीन देताना डोळे तपासतात. मला गाडी येत नाही. गाव चौदा मैलांवर. लायसन्स गेलं की आम्ही घरात बसून एकमेकांकडे बघणार." ती थांबली. "म्हणजे मी बघणार."

मी आर्विडचं कार्ड मागितलं. त्यावर फक्त पार्ट ए होता.

"हे हॉस्पिटलात दाखल झालास तर," मी म्हणाले. "मोतीबिंदूला कोणी दाखल करून घेत नाही. सकाळी जायचं, दुपारी घरी. ते येतं पार्ट बीमध्ये. तुझा बी कुठाय?"

"परत पाठवला. मग त्यांनी बी काढून हे दिलं."

"पण परत का पाठवलास?"

"पहिल्यांदाच तर विचारलं होतं त्यांनी."

इथे मला त्याला रागावता येईना, कारण मीही इथलीच. आमच्या मिनेसोटात कोणी काही पुढे केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको, पण ताटाकडे बघत. तिसऱ्यांदा म्हणायचं, बरं, अगदी थोडं. हे लहान पोरालाही कळतं. आर्विडने तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत पहिलं नको पाठवलं आणि तेव्हापासून तो दुसऱ्या पत्राची वाट बघत होता.

"तू फोन का नाही केलास?"

"मागून घ्यायचं? बरं दिसतं का ते?"

"आर्विड, सरकार एकदाच विचारतं."

त्याने कार्ड परत खिशात घातलं. "कसली माणसं आहेत ती," तो म्हणाला.

मग मी त्याला वर्षाची दारं समजावली. राहून गेलेल्यांसाठी दार जानेवारी ते मार्च उघडं असतं. आज अर्ज गेला तर उद्यापासून बी सुरू, ऑपरेशन एप्रिलच्या मध्यावर. आज नाही गेला तर पुढच्या जानेवारीपर्यंत दार बंद.

"अर्ज घेणारं ऑफिस किती वाजता बंद होतं?" व्हर्नाने विचारलं.

"चारला. इथून अठ्ठावीस मैल."

घड्याळात अडीच वाजले होते.

"खर्च काय येईल?" आर्विड म्हणाला.

"दर महिन्याचा हप्ता पेन्शनमधून कापतात. शिवाय वर्षातले पहिले पावणेतीनशे-तीनशे डॉलर तुझे. त्यानंतर बिलाचे ऐंशी टक्के ते देतात, वीस टक्के तू."

"म्हणजे ते ताट आणतात, आणि शेवटची वडी ठेवतात."

"हो."

"आणि ती कोणाला घ्यावी लागते?"

"तुलाच."

"सगळ्यांसमोर?"

*

तुम्हाला पार्ट बी हवा आहे का?

☐ हो

*

अर्जात एवढाच चौकोन आहे. नकोचा चौकोनच नाही. ज्याला नको तो हा अर्ज भरणारच कशाला, असं वॉशिंग्टनला वाटलं असणार.

पहिली प्रत: आर्विडने फूटपट्टी मागितली. होच्या शेजारी दुसरा चौकोन आखला, अगदी नीट, आणि लिहिलं, "नको, पण आभार."

दुसरी प्रत: चौकोन रिकामा. समासात, "तुमची अडचण होणार नसेल तर."

"अरे आर्विड," व्हर्ना म्हणाली.

"माझा हातच वळत नाही, व्हर्ना."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. सरकार एकदाच विचारतं, पण प्रिंटर दहा सेंटला हव्या तेवढ्या वेळा विचारतो. मी उठले, तिसरी प्रत आणली आणि ताटासारखी दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली.

"घे ना, आर्विड."

त्याने व्हर्नाकडे पाहिलं. मग चौकोनात खूण केली, मुंगीच्या पायाएवढी.

"अगदी छोटा पार्ट," तो म्हणाला.

"छोटा येत नाही. अख्खाच येतो."

"अरे बापरे."

*

गाडी मी चालवली. आर्विडने वाटेत दोन टपालपेट्यांना आणि एका गाईला हात केला. गाईने बघितलं.

*

ऑफिसच्या खिडकीशी पोचलो तेव्हा चारला सात मिनिटं कमी होती. आत तिशीचा एक माणूस, छातीवर नाव लिंडग्रेन. त्याने अर्ज उलटसुलट पाहिला.

"तुम्हाला दोन वर्षांवर उशीर झालाय, सर. त्यामुळे हप्ता वीस टक्के जास्त लागेल. कायमचा. मान्य आहे?"

"बरोबरच आहे," आर्विड लगेच म्हणाला. शिक्षेला आमच्याकडे आढेवेढे घेत नाहीत.

लिंडग्रेनने शिक्का उचलला. "आणि पार्ट बी हवाय ना तुम्हाला?"

व्हर्नाने डोळे मिटले. नवा माणूस, नवं ताट. मोजणी पहिल्यापासून सुरू.

"नाही हो," आर्विड म्हणाला, "तुम्हाला उगाच त्रास."

शिक्का हवेतच राहिला. मी तोंड उघडलं, तर व्हर्नाने माझी बाही धरली. लिंडग्रेनने आर्विडकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि शिक्का हळूच खाली ठेवला.

"घ्या हो," तो म्हणाला. "तयारच आहे."

"नको, नको. आमचं भागतंय." पण आर्विड शिक्क्याकडे बघत होता.

लिंडग्रेनने खुर्ची मागे सरकवली आणि पुढे वाकला.

"एवढ्या लांबून आलात. तसंच कसं पाठवू तुम्हाला? थोडं तरी घ्या."

"बरं मग," आर्विड म्हणाला. "आता तुम्ही एवढं म्हणताय तर."

शिक्का बसला. चारला तीन मिनिटं कमी.

"कुठले हो तुम्ही?" व्हर्नाने विचारलं.

"हॉकसुंडच्या पलीकडचा."

"वाटलंच."

*

ऑपरेशन चौदा एप्रिलला झालं. एकोणतीसला आर्विडने लायसन्सच्या ऑफिसात भिंतीवरची अक्षरं वाचली, आणि खाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. टपालपेटीला तो अजून हात करतो. एकदम बंद केलं तर कसं दिसेल, म्हणतो.

वीस टक्क्यांचं बिल आलं तेव्हा त्याने अर्धं भरलं. हॉस्पिटलने उरलेल्याचं बिल पाठवलं, त्याने त्याच्याही अर्ध्याचा चेक लिहिला. असं चालू आहे. परवा त्यांनी चार डॉलरचं पाठवलं. खाली कोणीतरी पेनने लिहिलं होतं, राहू द्या आता. आर्विड म्हणाला, हे पहिल्यांदा म्हणाले.

*

व्हर्नाचं कार्ड आर्विडच्या आधी चार महिने आलं होतं, आणि तिने ते त्याच दिवशी पर्समध्ये टाकलं होतं.