इफ्त्ली फालू लाहिली

शिंप्याला देवाने सगळं दिलं होतं, फक्त अन्य भाषा दिली नव्हती. चर्चच्या प्रार्थनासभेत पवित्र आत्म्याने भरून लोक अनोळखी भाषेत बोलू लागले की हा आपला डोळे मिटून ढिम्म. सासूबाईंकडे तर दोन्ही दानं होती. स्वतः अन्य भाषेत बोलायच्या आणि दुसरं कुणी बोललं की त्याचा अर्थही सांगायच्या. घरी त्या जावयाकडे असं बघायच्या, की जणू त्याचा नळच वरून बंद केलाय.

त्या दिवशी शिंपी सभेला उशिरा पोचला. तो थेट दातांच्या डॉक्टरकडून आला होता. खालची दाढ काढली होती आणि अर्ध्या जिभेसकट सगळा जबडा बधिर पडला होता. बोलायचं नाही असं ठरवून तो मागच्या रांगेत गुपचूप बसला. सगळे शांतपणे माना खाली घालून बसले होते, आणि तेवढ्यात त्याच्या काळजात धस्स झालं. दुकानात, सभा चालवणाऱ्या पाळकसाहेबांच्या नव्या सुटावर इस्त्री फिरवताना डॉक्टरांचा फोन आला होता. तो तसाच उठून गेला होता. इस्त्री चालूच!

तो ताडकन उभा राहिला.

"इफ्त्ली!" तो ओरडला. "इफ्त्ली फालू लाहिली!"

सगळं सभागृह शहारलं. कुणीतरी "हालेलूया!" म्हणालं. बघता बघता माइक शिंप्याच्या तोंडापुढे आला.

"फूट! फाळकफाहेबांफा फूट फळतोय!"

"उतरला!" सासूबाई गहिवरून उभ्या राहिल्या. "माझ्या जावयावर आत्मा उतरला!" मग डोळे मिटून, हात वर करून त्या अर्थ सांगू लागल्या. "आग... मला आग दिसते आहे..."

शिंप्याला हायसं वाटलं. चला, निदान सासूबाईंना तरी कळलं! त्याने जोरजोरात मान हलवली आणि हाताने हवेत इस्त्री फिरवून दाखवली, इकडून तिकडे, तिकडून इकडे. झालं! पुढच्या रांगेनेही तसेच हात फिरवायला सुरुवात केली, मग मागच्या रांगेने. सगळी मंडळी डोलत डोलत हवेला इस्त्री करू लागली.

"धावा!" शिंपी कळवळून ओरडला. नेमका हा एवढाच शब्द बऱ्यापैकी स्वच्छ निघाला.

"ऐकलंत?" सासूबाई म्हणाल्या. "देवाचा धावा करा म्हणतोय!"

त्यासरशी सगळे जिथल्या तिथे गुडघ्यांवर बसले आणि मोठमोठ्याने धावा करू लागले. दाराकडे जायची वाटच उरली नाही. शिंपी एकदोघांना ओलांडून निघाला, तर आत्म्याच्या भाराने हा आता कोसळणार असं वाटून मंडळीतल्या दोन धिप्पाड भावांनी त्याला प्रेमाने काखेत हात घालून धरलं आणि अलगद जमिनीवर आडवं केलं. छताकडे बघत तो "फोडा मला, फोडा!" म्हणत राहिला. त्याचा अर्थ सासूबाईंनी 'पापाचं मडकं फोडा' असा लावला.

बऱ्याच वेळाने मागचं दार उघडलं. शिंप्याची बायको आत आली, धापा टाकत. तिच्या हातात एक काळी पँट होती, आणि पँटच्या बैठकीवर इस्त्रीच्या आकाराचं भोक.

"इस्त्री बंद केली," ती म्हणाली. "कोट वाचला. अहो, उठा आता!"

पाळकसाहेबांनी पँट हातात घेऊन भोकातून तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं, ताई?"

"मागे चहा गाळत होते. स्पीकरवरून ऐकू आलं. यांची दाढ काढलीय आज. आणि एरवी तरी काय, तोंडात टाचण्या धरूनच बोलतात माझ्याशी. मला सवय आहे."

मग पाळकसाहेब आधी खुदकन आणि मग पोट धरून हसले. शेवटी डोळे पुसत ते म्हणाले, "अन्य भाषेचं दान खरंच आहे, माझा विश्वास आहे. पण ते मिरवायला नाही, मंडळीच्या भल्यासाठी आहे. कुणालाच काही कळलं नाही तर भलं कुणाचं होणार? पहिल्यांदा प्रभूच्या शिष्यांना अशा भाषा मिळाल्या, तेव्हा ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपलीच बोली ऐकू आली होती. आज ती एका ताईंना ऐकू आली."

"मीही आगच म्हणाले होते," सासूबाई फणकारल्या.

हे मात्र कुणाला नाकारता येईना.

शिंपी जमिनीवरच बसून होता, मान खाली घालून. एवढं सगळं रामायण होऊन दान काही मिळालंच नव्हतं, ही खंत त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. बायको त्याच्या शेजारी टेकली. "हवंय कशाला तुम्हाला ते?" तिने हळूच विचारलं.

तो तिच्या कानाशी बराच वेळ काहीतरी फुसफुसला.

"काय म्हणाला?" सासूबाई पुढे सरकल्या.

बायको लाजली. "ते नाही सांगायचं," ती म्हणाली आणि त्याला हाताला धरून चहा प्यायला घेऊन गेली. तो त्याने निम्मा शर्टावर सांडला.