माझ्या जुळ्या भावाच्या पोटातलं पान

मी कुरुळीतल्या एका भाड्याच्या खोलीतलं रजिस्टर बोलतोय. स्वभावानं मी मत्सरी आहे. मागाहून तुम्ही म्हणण्यापेक्षा मीच म्हटलेलं बरं.

आम्ही जुळे भाऊ, दोघांचीही पाठ लाल. चाकणच्या एका दुकानातून प्रज्वलनं आम्हाला एकाच दिवशी उचललं. प्रज्वल निघोज्याच्या एका कारखान्यात माल तपासतो. शिफ्ट बदलताना मशीनची हालहवाल लिहून ठेवायला त्याच्या लाइनला रजिस्टर हवं होतं, तिथं माझा भाऊ गेला. त्याला प्लास्टिकचं कव्हर, छापील लेबल, पानापानावर नंबर, खाली साहेबाची सही. आणि माझ्या नशिबी? गॅसच्या शेगडीवरची फळी आणि फोडणीचे शिंतोडे. पहिल्या दिवसापासून माझा जळफळाट सुरू झाला.

तसं मलाही कामासाठीच घेतलं होतं. प्रज्वलचा खोलीतला जोडीदार ज्योतीराम, परभणीकडचा, दुसऱ्या कंपनीत कामाला. दोघांच्या शिफ्ट कायम उलट्या. एक आला की दुसरा निघालेला, किल्ली घरमालकीण आक्काबाईंकडे. वेड मात्र दोघांना एकच, काउबॉयच्या जुन्या पिक्चरचं. हिंदीत डब केलेले असले पन्नासेक पिक्चर एका पेनड्राइव्हवर होते. सोबत बघणं जमत नसे, म्हणून ज्यानं बघितला त्यानं आपलं मत माझ्यात लिहून ठेवायचं. लाइनवर लिहितात अगदी तसं, तारीख, शिफ्ट, शेरा, सही.

प्रज्वल लिहायचा, ‘पिस्तूल सहा गोळ्यांचं. मोजून नऊ झाडल्या, मधे एकदाही भरलं नाही. रिजेक्ट.’

खाली ज्योतीराम लिहायचा, ‘तू गोळ्याच मोजत बस. घोड्याला दिवसभर पळवलं अन् पाणी पाजलेलं एकदा बी दाखवलं नाही. असल्या हिरोला माझा बाप दारात उभा करणार नाही.’

त्यावर पुन्हा प्रज्वल, ‘घोडा ओके. हिरो रिवर्क.’ रिवर्क म्हणजे दुरुस्तीला परत.

एकदा तर एका दरोडेखोराच्या मिशीवरून दोघं चार पानं भांडले. काय सुखाचे दिवस होते ते! भावाचा हेवासुद्धा मी जवळजवळ विसरलो होतो.

मग प्रज्वलच्या कंपनीतल्या मित्रांनी मोबाइलवर काउबॉयवाल्यांचा ग्रुप काढला. ज्योतीराम त्या कंपनीतला नव्हता, त्याला कुणी घेतलं नाही. प्रज्वल आपलं मत मोबाइलवर टाकायचा आणि पाच अंगठे आले की खूश व्हायचा. माझ्याकडे तो ढुंकून बघेना. कालचा आलेला तो चपटा मोबाइल माझ्या ताटातलं ओढून खात होता आणि मी फळीवर बसून बघत होतो.

ज्योतीराम लिहीतच राहिला. प्रत्येक शेऱ्याखाली तो प्रज्वलसाठी चार ओळी मोकळ्या सोडायचा. सहा महिन्यांत त्यातली एकही भरली नाही.

एकदा आक्काबाईंनी प्रज्वलला दारात गाठलं. “आरं, त्यो ज्योतीराम आला की चपला काढायच्या आदी त्या वहीकडं धावतो. लिव की दोन अक्षरं. हात झिजत्यात व्हय तुजं?”

“लिहितो आक्का, टाइमच मिळंना,” असं म्हणत मोबाइल बघत तो जिना उतरला.

अशात कंपनीत ऑडिट आलं. माझ्या भावाची आठ दिवसांची पानं कोरी राहिली होती. आदल्या संध्याकाळी प्रज्वल त्याला खोलीवर घेऊन आला, कव्हर काढून बाजूला ठेवलं आणि पेनं बदलत एका बैठकीत आठही दिवस भरून टाकले. ‘मशीन ठीक, माल ठीक.’ पानंच्या पानं तेवढंच. ते वाचायला कधी कुणी थांबत नसणार. तरी मला त्याच्या कव्हराचा हेवा वाटलाच. स्वभावाला औषध नसतं.

सकाळी घाईत प्रज्वलनं ते कव्हर माझ्यावर चढवलं आणि भावाला ठेवलं माझ्या फळीवर. मी लेबलासकट, छाती फुगवून निघोज्याला निघालो. ऑडिटरसाहेबांनी मला उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, “घोडा ओके, हिरो रिवर्क. हे कुठलं मशीन?”

सगळी लाइन हसली. प्रज्वलचं तोंड एवढंसं झालं. अर्ध्या तासात खरं रजिस्टर आणतो म्हणून मला काखेत मारून तो खोलीकडे पळाला.

ज्योतीराम रात्रपाळी करून आलेला, गाढ झोपला होता. उशाशी माझा भाऊ, उघडाच. झोपेच्या भरात ज्योतीरामनं फळीवरची लाल पाठ बघितली होती, कोरं पान काढलं होतं आणि लिहिलं होतं. काखेतून मलाही ते दिसलं.

‘शेवटी हिरो गाव वाचवतो अन् एकटाच घोड्यावर बसून जातो. लोक म्हणतात, भारी शेवट. मला पटला नाही. एवढ्या गावात एक माणूस त्याला जेवून जा म्हणत नाही. प्रज्वल, मी आता पिक्चर बघणं बंद करतो. सांगायला कुणी नसलं तर बघायचं कशाला?’

खाली चार ओळी मोकळ्या.

प्रज्वल खाली बसला. कंपनीच्या रजिस्टराचं पान फाडता येत नाही, नंबर असतात. चुकीच्या मजकुरावर एक आडवी रेघ मारून सही करायची, खालचं वाचता आलं पाहिजे, असा नियम. त्यानं रेघ मारली, सही केली. कव्हर माझ्यावरून काढून भावाला घातलं. मग मला मांडीवर घेतलं आणि सहा महिन्यांनी पहिल्यांदा लिहिलं,

‘ज्योतीराम, जेवून जा. माझा डबा फळीवर ठेवलाय. गुरुवारी रजा टाकतो, सोबत बघू.’

पुढे तारीख, शिफ्ट, सही.

त्याला आता वर्ष होत आलं. माझी तीनच पानं उरलीत आणि दोघंही अक्षर बारीक काढून ती पुरवतात. पण खरं सांगू? अजून पोटात जळतं. ज्योतीरामचं सगळ्यात सुंदर पान भावाकडे आहे, कंपनीच्या कपाटात, कुलपात. माझ्याकडे नुसतं उत्तर.

कधी काळी आम्ही दोघं एकाच रद्दीवाल्याच्या तागडीवर आलो, तर मायबापहो, आम्हाला एकाच सुतळीत बांधा. हवं तर त्याला वर ठेवलंत तरी चालेल.