साहेब माझ्यावर बसले तो दिवस

मित्रांनो, मी सोलापुरातल्या कर्करोगाच्या दवाखान्यातलं जुनं बाकडं. गिरणीची यंत्रं ज्या खोक्यांतून आली, त्यांच्याच फळ्या जोडून सुतारानं मला उभं केलं. एक पाय आखूड राहिला, त्यामुळे मी कुरकुरतं. स्वभावानंही कुरकुरं आहे म्हणतात. म्हणू देत बापडे.

डॉक्टर शंकरप्पा इथं रोग्यांवर उपचार करत आणि त्या रोगावर संशोधनही. ज्याच्या किरणांनी गाठ जाळायची, ते रेडियम मात्र दर वेळी उसनं आणावं लागे. सरकारनं हात दिला नाही, तर दवाखाना बंदच पडणार होता. अशात मुंबईहून सरकारी साहेब पाहणीला येणार असं कळलं. त्यांची खात्री पटली तर मदत मिळणार होती, आणि देशभरच्या मान्यतेसाठी दिल्लीला शिफारसही जाणार होती. डॉक्टरांनी बऱ्या झालेल्या सगळ्यांना निरोप धाडले.

साहेब आले. मी रिकामंच.

"बरी झालेली माणसं कुठं आहेत?" त्यांनी विचारलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. मला तर रडूच आलं.

तेवढ्यात नर्स हेमावतीनं खिडकीतून पाहिलं. रस्त्यापलीकडं कडुलिंबाखाली सगळी उभी होती. आमच्याकडची रीतच तशी. दुखण्यातून उठलेला माणूस त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढत नाही, दुखणं मागं लागतं म्हणतात. घाईगर्दीत डॉक्टर नेमकं हेच विसरले होते.

हेमावती धावत गेली. पुढं नागम्मा होती. तंबाखूनं तिच्या गालात गाठ झाली होती, तेव्हा पेजसुद्धा गिळवत नव्हती तिला.

"बाई, आत न्हाय यायचं आमी," ती म्हणाली. "सायबालाच हितं आना की."

हेमावतीनं निरोप आणला तसे साहेब खरंच निघाले, मागोमाग डॉक्टरही. दोघांनी मला उचलून कडुलिंबाखाली ठेवलं आणि साहेब रोग्यांच्या जागी, माझ्यावर बसले. नागम्मानं पदरात बांधून आणलेली कडक भाकरी सोडली, मोडली आणि त्यांच्यासमोर कुरुमकुरुम खाल्ली. एक तुकडा त्यांनाही दिला.

"खावा की सायेब, लई चवीची हाय."

साहेबांना तो चावता चावेना. सगळे हसले, तेही हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "डॉक्टर, मला जे बघायचं होतं ते बघितलं."

काही महिन्यांत सरकारची मदत मंजूर झाली, दवाखान्याचं स्वतःचं रेडियम आलं. पुढं दिल्लीची मान्यताही मिळाली. त्या साहेबांचे आणि कडुलिंबाखालच्या माणसांचे उपकार मी कसे विसरू?

आता दूरदूरची माणसं येतात. पण फार उशीर करून येतात, त्याचं वाईट वाटतं. मित्रांनो, घरात कुणाच्या तोंडातली जखम भरत नसेल, तर लपवू देऊ नका, हाताला धरून इथं आणा. माझ्या फळ्या झिजल्या तर झिजू द्यात. नागम्मा पुन्हा कधी माझ्यावर बसायला आली नाही, आणि त्याचा मला केवढा आनंद आहे म्हणून सांगू.