शेवटचा कप्पा

तिने नमुन्यांच्या तबकडीचा पहिला कप्पा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि श्वास रोखून डोळा लावला. रंग घातला की जिवंत पेशी हिरव्या दिसतात, मेलेल्या लाल. इथे सगळं लालभडक होतं. दुसरा कप्पा लाल, तिसराही लाल. तिचा जीव भांड्यात पडला. पुढचं काही न बघताच तिने फोन लावला.

"ताई, मेली गं! तुझी गाठ मेली औषधाने."

"तुझ्या यंत्राने छापलेली ना?"

"हो, पण तुझ्याच पेशींची आहे. इथे मेली, म्हणजे..."

ताई आनंदाने रडायलाच लागली.

नात्यातल्या माणसाचा नमुना दुसऱ्याने हाताळायचा, असा प्रयोगशाळेचा दंडक होता. तरी मलाच करू द्या म्हणून ती सरांच्या मागेच लागली होती. ताईच्या कर्करोगाच्या पेशी जेलमध्ये कालवून, सुईतून थरावर थर देत तिने मसुराएवढ्या चार गाठी छापल्या. एकही ओघळू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसली. जेल घट्ट करणारा दिवा तीस सेकंद लावायचा असतो. ताईचं काम कच्चं राहायला नको, म्हणून तिने चांगली दोन मिनिटं लावला.

आता राहिला शेवटचा कप्पा. त्यात औषध घातलंच नव्हतं, तुलनेसाठी ठेवला होता. तिथली गाठ जिवंतच असायला हवी.

तीही लाल होती.

ती सरांच्या टेबलापाशी गेली.

"सर, निकाल पाठवू नका. दिवा जास्त वेळ लावला मी. त्यानेच मेल्यात त्या, औषधाने नाही."

सरांनी चष्मा काढला. "पेशी शिल्लक आहेत?"

"नाहीत. सगळ्या वापरल्या मी."

"म्हणजे पुन्हा गाठीचा तुकडा काढावा लागणार."

"मागच्या वेळी महिनाभर उठली नव्हती ती. आता नाही सोसायचं तिला."

सरांनी फोन पुढे ओढला. "डॉक्टरांना मी कळवतो. ताईंना..."

"मी सांगते."

जिन्यात उभी राहून तिने फोन लावला. तिला स्वतःचाच राग आला होता.

"बोल गं," ताईच्या तोंडात घास होता. "कित्येक दिवसांनी चव लागतेय बघ. दुसऱ्यांदा वाढून घेतलंय. काय म्हणतेस?"

"जेव आधी. सावकाश जेव."

"मग ठेवू नकोस फोन. थांब अशीच."

ती थांबली. पलीकडे ताटलीवर चमचा वाजत होता.