बैलाचा कासरा

माय गेल्याच्या नवव्या दिवशी वसाहतीची सभा होती.

कळमनुरी रस्त्यावरची ही वृद्धांची वसाहत चाळीस माणसांवर सुरू झाली. आता अडीचशे आहेत. तिसरी इमारत बांधायची की नाही, हे संस्थेनं राहणाऱ्यांवरच सोडलं होतं. मायचा विरोध होता. दुसरी इमारत झाल्यापासून नळाला सकाळी पाऊण तास पाणी येतं, आणि उन्हाळ्यात टँकर. "माणसं वाढवता, झरा वाढवता येतो का?" असं ती व्यवस्थापकांना तोंडावर विचारायची. पुसेगावला तिनं तीस वर्षं डोक्यावर पाणी वाहिलं होतं.

मला मात्र ती इमारत हवी होती.

आबांना सहा वर्षांपासून दिसत नाही. काचबिंदू. इथं आल्यावर मायनं जवळ्याच्या बाजारातून बैलाचा कासरा आणला आणि खिळे ठोकून खोलीभर भिंतीच्या कडेनं ताणला. एक गाठ लागली की माठ, दोन लागल्या की मोरी, तीन लागल्या की दार. दारातून पुढं व्हरांड्यातल्या बाकापर्यंत. त्या दोरावर आबा कुणाचा हात न धरता जगत होते. दाढीसुद्धा स्वतः करायचे.

पण ती खोली जोडप्याची. एक जण गेलं की मागे राहिलेल्यानं तेराव्यानंतर सोळा खाटांच्या दालनात जायचं, हा नियम. बाहेर जोडप्यांची यादी लांब आहे. व्यवस्थापक सोमेश्वर वाईट माणूस नाही. तो म्हणाला, "ठराव झाला तर यादीतल्यांना नव्या इमारतीचं सांगता येईल, आबांना आहे तिथंच ठेवू. नाही झाला तर माझ्या हातात काही नाही, ताई."

नांदेडला माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. मायच्या आजारपणात आबांना महिनाभर नेलं होतं. दोनदा जिन्यात पडले. दुसऱ्यांदा उठवलं तेव्हा म्हणाले, "मला माह्या दोरापाशी नेऊन सोड."

सभेत मला बोलायचा अधिकार नव्हता. मी आबांच्या शेजारी खाली बसले.

विरोधाचं बोलायला मायच्या जागी रतनसिंग उभे राहिले. तांड्यावरचा उंच, वाकलेला माणूस. "पाणी आटलं की आमचे आजे-पणजे बैल घेऊन पुढं जायचे. आता आमी कुठं जावं? बैल न्हाईत. पारूचे गुडघे जुंपावं का?"

त्यांची बायको पारुबाई बसल्या जागेवरून ओरडली, "माह्या गुडघ्याचं नाव काहून घेऊन राहिले? तुमची कवळी कुठं हरवली ते सांगा आधी!"

सभा हसली. आबाही हसले. नऊ दिवसांत पहिल्यांदा.

मग रुख्मिणीबाई उठल्या. त्या फारशा बोलत नाहीत. "माही बहीण दोन सालापासून नाव लावून हाय. नवरा बायको दोघं गोठ्यात झोपतात, पोरानं घर घेतलं. तुमी आत आलात आन् दार लावून घेतलं. बराबर हाय का हे?"

रतनसिंग खाली बघत म्हणाले, "तकलीफ कळते, बाई. पण आमी दोन दिसाला एक आंघोळ करून राहिलो. तुमची बहीण येऊन काय पिणार?"

मग मतं. अनेकांना लिहिता येत नाही, म्हणून इथं मत दाण्यानं टाकतात. हो म्हणायचं तर हरभरा, नाही तर उडीद, मूठ झाकून मडक्यात. आणि तेरावं होईपर्यंत गेलेलं माणूस इथलंच धरतात. त्याचं मत घरच्यानं टाकायचं, आणि तो जिवंतपणी जे म्हणत होता तेच टाकायचं. म्हणून आबांना दोन दाणे.

दाणे आणायला मी उठले. दोन सुपं शेजारी शेजारी होती. मायनं शेवटच्या आठवड्यातही, श्वास लागत असताना, या इमारतीविरुद्ध अंगठे गोळा केले होते. ते मला आठवत होतं. मी दोन हरभरे उचलले.

आबांच्या तळहातावर ठेवले आणि त्यांना मडक्यापाशी नेलं. त्यांनी अंगठ्यानं एक दाणा फिरवला, मग दुसरा. चाळीस वर्षं बियाणं निवडलेला हात. मागे रांग थांबली होती.

"उडीद संपले का?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मागच्या सुपांकडे वळून पाहिलं.

एक हरभरा त्यांनी मडक्यात टाकला. "ह्यो माहा," म्हणाले. दुसरा माझ्या हातात परत दिला. "आता तुह्या मायचा आण."

मी उडीद आणला. रांगेतल्या पारुबाईनं पाहिलं होतं. तिनं माझ्याकडे न बघता पदर डोक्यावर ओढून घेतला.

हरभरे निघाले एकसष्ट. उडीद एकशे बहात्तर. माझ्या लबाडीनं काहीही बदललं नसतं. तरी ती मला अजूनही हलकी वाटत नाही. त्यापेक्षा कठीण हे, की आबांनाही त्याच खोलीत राहायचंच होतं.

चौदाव्या दिवशी मी कासरा सोडला. खिळे तसेच राहिले. दालनात आबांना आतल्या टोकाची खाट मिळाली. सोमेश्वरनं दोर बांधायची परवानगी दिली, एका बाजूच्या भिंतीनं, कुणाच्या पायात येणार नाही असा. मी आणि रतनसिंगनी मिळून खाटेपासून बांधत आणला. मी जुन्या गाठी सोडून नव्या अंतरावर मारायला घेतल्या. आबा म्हणाले, "तिच्या गाठी राहू दे." त्या ठेवल्या. आता त्यांचा कशालाच मेळ नव्हता. एक गाठ दुसऱ्याच्या उशाशी येत होती, तीन गाठी नुसत्या भिंतीवर.

दाराच्या पाच खाटा अलीकडे दोर संपला.

"झालं का?" आबांनी विचारलं.

"झालं," रतनसिंग म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं.

आबा उठले. एक हात दोरावर, एक हात पुढं. आजूबाजूचे खाटांवरून बघत होते. पहिली गाठ लागली तशी सवयीनं त्यांनी माठासाठी हात लांबवला. तिथं एका म्हाताऱ्याचं डोकं होतं. तो दचकला. "माफ करा," आबा म्हणाले, आणि पुढं निघाले.

दोर संपला तिथं ते उभे राहिले. टोक मुठीत होतं. मोकळा हात त्यांनी समोर फिरवला, मग बाजूला, मग पुन्हा समोर.

"पूनम," ते म्हणाले, "हितून पुढं?"

माझी नांदेडची बस साडेचारची होती.