बाळंतविड्याची गाडी

बयनाबाई आयुष्यात एकदाच खोटं बोलायला निघाली, आणि तेही तिला धड जमलं नाही. ज्यांना जमलं ते आज गावात फेटे बांधून हिंडतात. त्यांचंही सांगतो, पण आधी नदीचं सांगू द्या.

पैनगंगेच्या अल्याड आंबेडोह हे गाव आंध्रातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, आणि गावातल्या काही जणांची वावरं पल्याड महाराष्ट्रात. माघ-फाल्गुनात नदीला गुडघाभर पाणी. बैल आपला पाणी पितो आणि पलीकडे निघतो, त्याला काय ठाऊक कोणतं राज्य! पण चौऱ्यांशी साली पल्याडचा कापूस अल्याड आणणं हा गुन्हा होता. तिकडचा कायदाच तसा होता. पिकेल ते बोंड सरकारलाच घालायचं, आणि चुकारा कधी येतो म्हणून वाट पाहत बसायचं. आदिलाबादच्या बाजारात मात्र माल टाकला की व्यापारी उभ्या उभ्या रोकडा द्यायचा. मग काय होणार? तिकडच्या उतारावर नाका बसला, आणि आंबेडोहच्या पारावर युक्ती निघाली.

युक्ती होती बाळंतविड्याच्या गाडीची. पोटुशी लेक माहेरी आणता आली नाही, तर माय गाडी भरून तिच्या दारी जाते, ही आपल्याकडची रीत. गाद्या, वाकळा, दुपटी, शेकायला गोवऱ्या आणि वर डिंकाच्या लाडवांचा डबा. असल्या गाडीत काठी खुपसायला पोलीसही कचरतो, त्यालाही माय असतेच. तर खाली कापूस दाबायचा, वर वाकळा अंथरायच्या, त्यावर एक बाई बसवायची. आणि पकडलीच गाडी, तर माल बाईचा म्हणून सांगायचं. "बाईले कोन आत टाकते? सांजेपर्यंत सोडून देतेत," असं पारावरच्या पुरुषांनी ठरवलं. बाईला कुणी विचारलं नाही, हे सांगायला नकोच.

कापूस कुणाचा? यशवंतराव पटेलाचा. पल्याड चाळीस एकर त्यांचं. आणि बाया कुणाच्या बसायच्या? कधी विमलबाई, कधी गयाबाई, आणि एकदा बयनाबाई. पटेलाच्या वाड्यातली बाई त्या गाडीत एकदाही बसली नाही. बयनाबाईचा नवरा वामनराव पटेलाकडे सालदार होता, म्हणजे वर्षाच्या करारावरचा गडी, आणि गाडी तोच हाकायचा. त्याला नाही म्हणायची सोय नव्हती, आणि नाही म्हणायचा स्वभाव तर मुळीच नव्हता.

बयनाबाई गाडीत बसली त्या दिवशी नाक्यावर नवा जमादार होता. त्यानं विचारलं, "कुठं चालल्या, मावशी?"

"लेकीच्या बाळंतपनाले," बयनाबाई म्हणाली. इथवर पाठ केलेलं होतं.

"लेक केवढी आहे?"

हे काही कुणी पढवलं नव्हतं. बयनाबाईची लेक एकच, रुख्मिणी. आणि लेकीचं वय कुणी विचारलं की मायच्या तोंडून खरंच येतं. ती म्हणाली, "अकरा सरून बारावं लागलं, सायेब."

झालं! गाडी रिकामी झाली, पंचनामा झाला. वामनरावानं खाली मान घालून सांगितलं, "माल बाईचा हाय." तालुक्याच्या कोर्टात पटेलाचा वकील तिच्या कानात म्हणाला, कबूल कर, लवकर सुटशील. तिनं कबूल केलं, अंगठा दिला, आणि कोर्ट उठेपर्यंत कोपऱ्यात आरोपी म्हणून बसून राहिली. दंड पटेलानं भरला आणि वर्षभर त्याचा उपकार ऐकवला. गावानंही काय करावं? तिच्या भोळेपणावर हसून घेतलं. नदीवर धुणं धुताना बाया विचारायच्या, "बयना, लेकीले बारावं सरलं का वं?" तीही हसायची. आणि धुणं दगडावर जरा जोरात आपटायची.

पुढं रुख्मिणी मोठी झाली. बाजारहत्नूरच्या किराणा दुकानदाराच्या पोराला दिली. पोरगा हुशार, मस्कतला दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला लागला, आणि बायकोला घेऊन गेला. पंच्याण्णव साल उजाडलं तेव्हा रुख्मिणीला सातवा महिना होता. दर रविवारी बयनाबाई आदिलाबादला एसटीडीच्या बूथवर जाऊन बसायची आणि तिकडून फोन यायचा. एका रविवारी पोरगी नुसती रडलीच.

"माय, डॉक्टर म्हनते विमानात बसू नको. पलंगावरून उठू नको म्हनते. हे दिवसभर ड्युटीवर. माय, तू ये वं."

"येतो ना माय! काऊन रडतं? चैताच्या आत येतो."

बोलून बसली बाई. जावयानं व्हिसाची तजवीज केली, पासपोर्टचा अर्ज हैदराबादला गेला. बयनाबाईनं डिंक आणला, खारका आणल्या, आणि गोधडी भरायला घेतली. हा कापूस तिच्या स्वतःच्या चार एकरांतला होता, अल्याडचा. तिनं तो हातानं वेचला, सरकी काढून पिंजून आणला, आणि दुपारी दारात बसून टाके घालू लागली.

माघात चौकशीचा पोलीस गावात आला. त्याच्याकडे दोन कागद होते, एक बयनाबाईचा आणि दुसरा यशवंतराव पटेलाचा. पटेल इस्रायलला निघाले होते. कशाला? तर कापसाची शेती पाहायला! ठिबकवाल्या कंपनीनं पुढारी शेतकऱ्यांची तुकडी काढली होती, त्यात यांचं नाव. वा रे वा!

पोलिसानं पटेलाच्या ओट्यावर चहा घेतला आणि सहज विचारलं, "पटेल, दोन्ही काठाला जमीन तुमची. कापसाची जुनी केस वगैरे?"

पटेल म्हणाले, "माझं नाव कोन्या कागदात नाई, पाहून घ्या. केस झाली व्हती ते या वामनरावच्या बायकोवर. आपन खोटं काऊन सांगाव?"

ऐकलंत? आपण खोटं काऊन सांगाव! हे वाक्य बोलताना त्या माणसाची जीभ झडली नाही. पोलिसानं पल्याडच्या ठाण्यातून कागद मागवला, पटेलाचा पासपोर्ट महिन्यात घरी आला, आणि बयनाबाईला ठाण्यात बोलावणं आलं.

ठाण्यातला एसआय, म्हणजे फौजदार, तेलुगू माणूस, बोलायचा हिंदीत. त्यानं जुना पंचनामा एका मराठी हवालदाराकडून मोठ्यानं वाचून घेतला. 'सदर महिला आरोपीने मुलीच्या बाळंतपणाचा खोटा बहाणा करून सीमेपलीकडे कापसाची चोरटी वाहतूक केली.' मग एसआयनं तिच्या अर्जाकडं पाहिलं. परदेशी जाण्याचं कारण लिहिलं होतं, मुलीचं बाळंतपण.

"अम्मा," तो म्हणाला, "ग्यारा साल से जचगी चल रही क्या तेरी बेटी की?"

अख्खं ठाणं हसलं. बाहेर हातकडीत बसलेला कोंबडीचोरसुद्धा हसला. बयनाबाईच्या अंगाची लाही लाही झाली.

"सायेब," ती म्हणाली, "तवा खोटं व्हतं, आता खरं हाय. आन् तवाचा माल माया नव्हता."

"किसका था?"

तिनं शेजारी उभ्या वामनरावाकडं पाहिलं. वामनराव भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला, आणि त्याला तर वाचताच येत नव्हतं.

"जिसका था, उसको ला," एसआय म्हणाला. "वो बोले तो मैं लिखूंगा. नहीं तो स्मगलिंग का केस है, मैं अच्छा रिपोर्ट नहीं देता."

दुसऱ्या दिवशी बयनाबाई पटेलाच्या ओट्याखाली उभी राहिली. "पटेल, एक डाव ठान्यात चला. कापूस तुमचा व्हता येवढं सांगा. अकरा सालं झाली, तुमाले काई होत नाई आता. माही लेक परमुलखात एकटी पडून हाय."

"बयनाबाई, मी पुढच्या महिन्यात विमानात बसून राह्यलो. आता माझ्या नावाले डाग लावू का?"

"अन् मायं नाव? ते काय धुन्याचा दगड हाय, कोनीबी यावं अन् आपटावं?"

"बाईमानसाच्या नावाले काय होते?" पटेल हसून म्हणाले. "तुले कुठं इलेक्शन लढाचं हाय?"

घरी आल्यावर वामनराव दबकत म्हणाला, "रुख्मीची माय, मोठ्या मानसाशी वैर घेऊ नये." तेव्हा ती जी कडाडली, ती शेजारच्या तीन घरांनी ऐकली. "मोठं मानूस! तुमी त्याची गाडी हाकली, त्याचा माल मायावर घातला, अन् आता मलेच गप बसाले सांगता? लाज नाई वाटत तुमाले?" वामनराव जेवला नाही. तीही जेवली नाही. तिकडं लेकीला आठवा सरून नववा महिना लागला होता.

फाल्गुनात शाळेच्या मैदानात पटेलाचा सत्कार झाला. मांडव, वाजंत्री, हार. आणि खुर्चीवर पाहुणे कोण? तोच एसआय. एका शिक्षकानं भाषण ठोकलं की आंबेडोहच्या मातीतला हा पहिला सुपुत्र समुद्र ओलांडतो आहे. बाया आरतीची ताटं घेऊन रांगेत उभ्या होत्या. बयनाबाई आली ती ताट न घेता. तिच्या डोक्यावर गाठोडं होतं. ती सरळ मंचावर चढली आणि पटेलाच्या पुढ्यात गाठोडं सोडलं. गोधडी, चार दुपटी, कुंची, डिंकाच्या लाडवांचा डबा.

"हे घ्या पटेल, बाळंतविडा," ती म्हणाली. तिला काही माइक लागला नाही. "वळखीचा हाय ना? अकरा सालाआंदी असाच गाडीत भरून देला व्हता तुमी. खाली तुमचा कापूस, वर मी. आता माही लेक खरीच अडली हाय, अन् मले जाऊ देत नाईत. काऊन? तर मी चोर हाय! तुमचं नाव साफ. तुमी चालले समुद्रापल्याड, तं तुमीच न्या. तुमीच करा माया लेकीचं बाळंतपन!"

वाजंत्री थांबली. पटेल म्हणाले, "खाली उतरवा रे हिले, डोकं फिरलं बाईचं." पण उतरवायला कुणी पुढं येईना. रांगेतल्या विमलबाईनं आरतीचं ताट जमिनीवर ठेवलं. गयाबाईनंही ठेवलं. त्या दोघी नुसत्या पटेलाकडं पाहत राहिल्या.

आणि मग मांडवाच्या मागच्या खांबापाशी वामनराव उभा राहिला. या वेळी खाली मान न घालता बोलला. "सायेब, गाडी मी हाकत व्हतो. कापूस पटेलाचा व्हता. बायकोचं नाव म्या सांगतलं. लिहून घ्या, मी अंगठा देतो."

एसआयनं गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला. "पटेलसाब," तो हळूच म्हणाला, "ये सच है?" पटेलानं गळ्यातला हार सारखा केला. मग घाम पुसला, आणि तेवढं गावाला पुरलं.

एसआयनं वामनरावाचा जबाब घेतला आणि चांगला शेरा मारून कागद पाठवला, हे मी कबूल करतो. पण सरकारी कागद तो. आदिलाबादहून हैदराबादला जाताना कुठं झोपला, कोण जाणे. पटेल इस्रायल पाहून परतले, त्याच्या गप्पा पारावर सांगून झाल्या, चैत्र गेला, तरी बयनाबाईचा पासपोर्ट आला नाही. रुख्मिणी मस्कतला एकटीच बाळंत झाली. शेजारच्या केरळच्या नर्सबाईनं तिचा हात धरला. त्या रविवारी बूथवर नुसतं बाळाचं रडणं ऐकू आलं, आणि बयनाबाई फोन कानाला लावून खाली बसली.

पासपोर्ट ज्येष्ठात आला. लाडू तोवर खवट झाले होते, ते तिनं फेकले आणि नवे वळले.

मुंबईच्या विमानतळावर वामनराव दाराबाहेर थांबला. आत तिला एकटीनंच जायचं होतं. काचेमागच्या साहेबानं पासपोर्ट उघडला आणि मराठीतच विचारलं, "काय कामाला चाललात, आजी?"

नदीच्या उतारावरचाच प्रश्न! तिनं गाठोडं छातीशी धरलं. लेकीच्या बाळंतपणाला, हे ओठावर आलं आणि तिथंच अडलं. आता ते पुन्हा खोटंच झालं होतं.

"नाई सायेब," ती म्हणाली, "बाळंतपन झालं. वेळेवर जाऊ देलं नाई मले. आता नातीले पाहाले चालली. लेकीले बावीस सरून तेविसावं लागलं." हे त्यानं विचारलंही नव्हतं.

साहेबानं शिक्का मारला. पुढं सामान तपासणाऱ्यानं गाठोडं दाबून पाहिलं. "काय भरलंय यात?"

बयनाबाई ताठ उभी राहिली. रांगेतली माणसं वळून पाहतील इतक्या मोठ्यानं तिनं सांगितलं.

"कापूस हाय. माया वावरातला, मायाच हातानं वेचलेला. लिहा, लिहून घ्या. येवढा माल मात्र माया हाय!"